कुदळीला लावलेला शेंदूर

रागाच्या भरात लिहिलेलं वाचणाऱ्याला नकोसं होतं, असं आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा सांगितलं होतं. ते मला पटलं, म्हणून मी बराच काळ थांबलो. राग जाईल, मग लिहू, असं ठरवलं होतं. तो गेला नाही. तेव्हा आता जसं जमेल तसं लिहितो.

मी मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातल्या माळ्याच्या घरचा. नदीकाठी आमची लहानशी वाडी आहे. तिच्यात वांगी, मिरची, पालक, आणि हिवाळ्यात शेवंती. आमच्या घरात मराठी चौथीच्या पुढे माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. मी मॅट्रिक झालो तेव्हा बापाला वाटलं, आता हा कुठे तरी तलाठी-बिलाठी होईल. मायला का कुणास ठाऊक, वाटलं की अजून शिकावं. अमरावतीला कॉलेज होतं. राहण्या-जेवणाची सोय मात्र आमच्या आवाक्यात बसेल अशी एकच होती, ती म्हणजे रोमन पंथाच्या मिशनचं बोर्डिंग. तिथे ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही घेत. आमच्यावर धर्माची काही सक्ती नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. प्रार्थनेला गेलं नाही तरी चाले. मात्र जेवताना बोलायचं नाही आणि जे वाचून दाखवतील ते ऐकायचं, एवढा नियम सर्वांना होता.

बोर्डिंगच्या आवारात, विहिरीकडे जाताना, एका चौथऱ्यावर पत्र्याच्या छपराखाली एका संन्याशाचा पुतळा होता. माणसाच्या छातीइतका उंच. तपकिरी झगा, कमरेला दोर, डोक्याचा मधला भाग तासलेला आणि भोवती केसांची कड. एक हात छातीवर आणि दुसऱ्या हातात कुदळ. हा पुतळा मिशनचे प्रमुख असलेल्या फादरांनी त्यांच्या देशातून गवतात बांधून आणवला होता. या संताच्या नावानेच बोर्डिंग चालत होतं, आणि पौषात त्याचा सण होई.

त्याची जीवनकथा मला तोंडपाठ आहे, कारण ती वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडेच होतं. कित्येक शतकांपूर्वी फादरांच्या देशात एका मोठ्या सरदाराच्या घरी तो जन्मला. किल्ला, घोडे, शिकारी कुत्री, सगळं होतं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात तो घरातून निघाला आणि डोंगरातल्या एका मठाच्या दारात जाऊन बसला. मठाच्या प्रमुखाने त्याची परीक्षा पाहायला त्याला बागेत खणायला लावलं. त्याच्या हाताला फोड आले, ते फुटले, तरी त्याने कुदळ सोडली नाही. पुढे त्यालाच मठाचा प्रमुख करत होते, पण त्याने नाही म्हटलं आणि मरेपर्यंत भाजीच्या वाफ्यांतच राहिला. मेल्यावर लोक त्याच्या थडग्याची माती नेऊ लागले. त्या मातीने ताप उतरतो म्हणत. मग केव्हा तरी त्यांच्या सर्वांत मोठ्या धर्मगुरूंनी तो संत असल्याचं जाहीर केलं.

गोष्ट चांगलीच आहे. मला ती आवडली होती, आजही आवडते. माझा राग त्या संन्याशावर नाही.

या कथेचं मराठी पुस्तक आमच्या मास्तरांनी लिहिलं होतं. मास्तर म्हणजे बोर्डिंगचे गृहपती. ते दर्यापूरकडच्या एका देशमुख घराण्यातले. तरुणपणी ख्रिस्ती झाले म्हणून घरच्यांनी त्यांना जिवंतपणी मेलेला ठरवलं. जमीन गेली, आई गेली. हा त्याग खोटा नव्हता, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच होता. पण धर्म सोडला तरी मास्तरांनी देशमुखी सोडली नव्हती. त्यांचा तांब्या वेगळा, पाट वेगळा. महारांतून आलेल्या ख्रिस्ती मुलांनी त्यांचं पाणी भरलेलं त्यांना चालत नसे, आणि याला ते ‘स्वच्छता’ म्हणत. पुस्तकात संताच्या कुळाचं वर्णन पानंच्या पानं होतं आणि त्यानंतर एक वाक्य होतं: ‘उच्च कुळात जन्मूनही त्यांनी मातीत हात घालण्याची लाज मानली नाही.’ हे वाक्य मी वाचलं की मास्तर घास थांबवून मान हलवत.

सुरुवातीला मला या वाक्यात काही खटकलं नाही. खटकायला लागलं ते बागकामाच्या तासाला. रोज संध्याकाळी संतांच्या स्मरणार्थ मुलांनी बागेत काम करायचं असा रिवाज होता. प्रत्यक्षात काम आम्ही कास्तकारांची आणि माळ्यांची मुलं करायचो, कारण ‘तुम्हाला सवय आहे’. वकिलांची, मामलेदारांची मुलं सावलीत बसून पुस्तक वाचत. एकदा अकोल्याच्या एका वकिलाच्या मुलाने गंमत म्हणून कुदळ उचलली आणि एक आळं खणलं. ते आळं वाकडं झालं, पाणी एका बाजूला जाई. पण त्या रात्री जेवणाच्या वेळी मास्तरांनी उभं राहून त्याचं कौतुक केलं. म्हणाले, आज आपल्यात संतांचा खरा वारस दिसला. तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या, वरूडकडच्या मुलाने नियम मोडून माझ्या कानात म्हटलं, “मंग आपून काय बैल हावो का?”

मी तेव्हा हसलो. 

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा माय शेवंतीत निंदत होती. मी तिच्या शेजारच्या ओळीत बसलो आणि निंदता निंदता तिला संताची गोष्ट सांगितली. सरदार, किल्ला वगैरे तिला कळेना. मी म्हटलं, “माय, आपल्याइकडं जसे देशमुख, तसा तो देशमुखाचा पोरगा होता.”

तिने खुरपं थांबवलं. “देशमुखाचा पोरगा अन् निंदाले बसला?”

“हो.”

“काहून? बापानं हाकलला का?”

“नाही वं. आपल्या मनानंच.”

“मंग रोजी कोण देल्ली त्याले?”

“रोजी-बिजी काही नाही. देवासाठी.”

तिने उपटलेलं गवत बाजूला टाकलं. मग म्हणाली, “चांगला होता बिचारा. पण तुहा आजा जलमभर निंदतच मेला. त्याच्या मांगं कोनी दिवा नाही लावला.” हे ती रागाने म्हणाली नाही. आपल्याकडे पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं म्हणाली. मग पुन्हा खुरपं चालवत तिने विचारलं, “त्याची जत्रा कवा भरते?”

मी सांगितलं, पौषात. तिने आणखी काही विचारलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

पहिल्या वर्षी मी परीक्षेत नापास झालो होतो. इंग्रजीत गेलो. बाप म्हणत होता, पुरे झालं आता, वाडीत मोट हाकायला माणूस पाहिजे. दुसऱ्यांदा बसायची परवानगी मायनेच त्याच्याशी भांडून मिळवली होती. त्या दिवाळीनंतरच्या परीक्षेत मी पास झालो, आणि मगच मला कळलं की तिने नवस बोलला होता. नवस आमच्या गावच्या देवीला नव्हता, मूर्तिजापूरच्या देवळातल्या मारोतीलाही नव्हता. तो त्या कुदळवाल्या संन्याशाला होता. मी विचारलं, असं कसं केलंस? तर ती मलाच वेड्यात काढू लागली.

“आपली देवी इथली. तिले अमरावतीचं कालेज काय ठाव? तिची हद्द नदीलोग. तू ज्याच्या आंगणात रायतं, त्यालेच सांगा लागते ना?”

आमच्याकडे हे असंच आहे. दुसऱ्याच्या शिवारात काम करायला गेलं, तर आधी त्या शिवारातल्या देवाच्या पाया पडायचं, मग कामाला हात लावायचा. देव कोणाचा, कोणत्या जातीचा, ते विचारायची पद्धत नाही. ज्याची हद्द त्याचा मान. यात मायची चूक झाली असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. ती चूक मानली तरी तिच्यात कोणाचा अपमान मला दिसत नाही.

ती नवस फेडायला येणार, हे तिने मला कळवलं नाही. पुढच्या पौषात, संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीने ती मूर्तिजापूरहून बडनेऱ्याला आली, तिथून अमरावतीला. डोक्यावर शेवंतीची पाटी, वर ओलं फडकं. फडक्यात गोवरीच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, नारळ, आणि एका पुडीत शेंदूर. मी कॉलेजात होतो. बोर्डिंगात मुलं नव्हती. स्वयंपाक्याने तिला पुतळा दाखवला, कारण तिने विचारलं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिने आधी चौथरा झाडला. फुलं वाहिली, नारळ फोडला, रोडग्याचा नैवेद्य दाखवला. मग तेलात शेंदूर कालवून त्याच्या पायांना लावला आणि कुदळीला लावला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांना लावतात तसा.

मी परत आलो तेव्हा फाटकापासूनच मास्तरांचा आवाज ऐकू आला. चौथऱ्याभोवती मुलं जमली होती. आत माय गुडघ्यांवर बसून घासलेटात बुडवलेल्या चिंधीने पुतळ्याचे पाय घासत होती. मास्तर तिच्या डोक्यावर उभे होते.

पुतळा चुन्याच्या जातीच्या कसल्याशा लगद्याचा, वरून रंग दिलेला. तेलातला शेंदूर त्यात मुरला होता. घासलं की शेंदूर निघत नव्हता, पायाचा रंग मात्र निघत होता, आणि खालचा पांढरा लगदा भुगा होऊन पडत होता.

माय म्हणत होती, “मास्तर, नका जी घासाले लावू. त्याची बोटं जाऊन राह्यली. पाहा ना जी.”

“बोटांची काळजी तुला आता सुचते? एका थोर कुळातल्या पवित्र पुरुषाला तू रस्त्यावरचा दगड करून टाकलास! घास!”

“दगड कोण म्हणते जी? म्या तर मानच केला.”

“मान! माळणीने द्यायचा मान!”

तिथे उभे असलेले दोघे-तिघे हसले. त्यांत तो आळं खणणारा होता की नाही, ते मला नक्की आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. मी गर्दीतून आत शिरलो, मायचा हात धरला, चिंधी काढून घेतली आणि तिला उभं केलं. तिच्या हातांना घासलेटाचा वास येत होता. मी मास्तरांना म्हटलं, “ही माझी आई आहे.” राग आला की माझी वाचा जाते.

मास्तर क्षणभर चपापले असावेत. पण मुलं पाहत होती. ते म्हणाले, “अस्सं. म्हणजे हे तुझंच शिकवणं. उद्या जेवणाच्या वेळी संतांचं चरित्र तूच वाचणार आहेस. वाचण्याआधी उभा राहून सर्व पाहुण्यांसमोर सांगायचं, की माझ्या अडाणी आईने अज्ञानाने संतांची विटंबना केली, तिच्या वतीने मी क्षमा मागतो. नाही म्हणालास, तर तुझी पेटी फाटकाबाहेर.”

बोर्डिंग गेलं तर माझं कॉलेज जाणार होतं. हे मला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, आणि मायलाही त्याच क्षणी कळलं.

मी तिला भाजीबाजारात आमच्या ओळखीच्या एका माळ्याच्या दुकानी नेलं. रात्री ती तिथेच राहणार होती. पोत्यावर बसून ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “मांग ना माफी. तोंडाले काय लागते?”

“तू काय गुन्हा केला?”

“म्या काय केला ते मले ठाव हाय. त्या बाबालेबी ठाव हाय. मास्तराले नसन ठाव, तर त्याचं काय एवढं? तुले शिकाले भेटते ना?”

“तुले अडाणी म्हणाले लावून राहिले मले. सगळ्या लोकांसमोर.”

“मी अडाणीच हावो,” ती म्हणाली. “हे काय नवं सांगतं तू लोकाईले?”

दुकानवाला माळी हसला. ती पण हसली. मला हसता आलं नाही. मी तिथून उठून फादरांकडे गेलो.

फादर म्हातारे होते, पांढऱ्या दाढीचे. आमचं मराठी ते पुस्तकातून शिकले होते. त्यांनी मला कधी रागावल्याचं आठवत नाही. मी अडखळत सगळं सांगितलं. ते हातात चष्मा घेऊन ऐकत राहिले, आणि मग, मला आश्चर्य वाटलं, ते हसू लागले. प्रेमाने हसत होते.

म्हणाले, “तुझी आई माझ्या आजीसारखी आहे. आमच्या गावापासून त्या संताचं थडगं दूर नव्हतं. आमच्या बायका तिथे जात. मेणबत्ती वितळवून त्याच्या पायांवर ओतत. आजारी गाईचा दोर आणून त्या दगडाला बांधत. पायांना इतके हात लागले की पाय झिजून गेले, बोटं उरली नाहीत. आमचे धर्मगुरू ओरडत, आणि बायका हो हो म्हणत व पुन्हा तेच करत.”

माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. मी म्हटलं, “फादर, मग हे उद्या आपणच सांगा. आपण सांगितलं तर मास्तर काही बोलणार नाहीत.”

त्यांचं हसू थांबलं. चष्मा घालून ते टेबलावरच्या वस्तू सरळ करू लागले. “ते मला करता येणार नाही. तिथली गोष्ट वेगळी. त्या बायका ख्रिस्ती होत्या. इथे लोक पाहत आहेत. मास्तरांचा मान राहिला पाहिजे, त्यांनी फार सोसलं आहे. आणि क्षमा म्हणजे काय? दोन वाक्यं. नम्रता. आपल्या संताने ती मागितली नसती का?”

मी नमस्कार करून बाहेर आलो. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला रस्त्यात सुचलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तो संन्यासी किल्ल्यातून उतरून वाफ्यात आला, म्हणून त्याच्या खाली वाकण्याला किंमत आली. तो वरून खाली आलेला सर्वांना दिसला. माझी माय वाफ्यातच जन्मली. तिला आणखी खाली कुठे उतरायला सांगता? मातीच्या खाली काय असतं? आणि देशमुखाच्या पोराने कुदळ धरली की ती पूजेला बसवायची, माळणीने त्याच कुदळीला शेंदूर लावला की घासलेट आणायचं, हा कोणता न्याय? फादरांना हे ठाऊक नसतं तर मी एवढा संतापलो नसतो. ते हसले म्हणजे त्यांना कळलं होतं. सगळं कळून ते गप्प बसणार होते. मास्तरांच्या ओरडण्यापेक्षा मला याची चीड जास्त आली, आणि आजही येते.

दुसऱ्या दिवशी आवारात मांडव घातला होता. पुतळ्याच्या पायांशी कुंड्या ठेवून पाय झाकले होते. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले बाबू, दोन वकील आणि शहरातली काही मातबर मंडळी जेवायला आली होती. बाया मांडवाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्यात माय होती. आदल्या दिवशी लोक तिला हसले होते, तरीही ती आली, कारण तिच्या मते अजून प्रसाद घेतला नव्हता.

पानं वाढली. मास्तरांनी मला खूण केली. मी पुस्तक घेऊन उभा राहिलो. क्षमा न मागताच मी सरळ चरित्र सुरू केलं. मास्तर जागेवरून अर्धे उठले, पण पाहुणे जेवत होते, ते पुन्हा बसले. मी वाचत गेलो. किल्ला आला, घोडे आले, कुळाची पानं आली. ‘उच्च कुळात जन्मूनही त्यांनी मातीत हात घालण्याची लाज मानली नाही’ इथवर आलो आणि थांबलो.

मी भाषण तयार केलं नव्हतं. जे बोललो ते थोडकं होतं. मी म्हणालो, “काल माझ्या आईने या संतांच्या कुदळीला शेंदूर लावला. त्याची मी माफी मागावी असं मला सांगितलं आहे. मी मागणार नाही. आमच्या घरात मातीत हात घालण्याची लाज कोणालाच वाटली नाही, पण ते कुठे लिहिलेलं नाही. फादरांच्या गावी बायका या संतांच्या पायांवर मेण ओततात, असं फादरांनी मला सांगितलं. त्यांना कोणी घासायला लावलं का, ते मला माहीत नाही.”

सगळ्यांची तोंडं फादरांकडे वळली. मी पण पाहिलं. त्यांचा हात पानावर तसाच राहिला होता. त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर पुरे होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तरी मला कळलं असतं मी कोणाशी बोलतो आहे ते. ते हळूच म्हणाले, “पुढे वाच.”

मी पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. थडग्याच्या मातीने लोकांचा ताप उतरतो, तेही वाचलं. बाबू लोक आपसात कुजबुजत होते, कोणी तरी मठ्ठा मागत होतं.

जेवणं उठली तेव्हा माझी पेटी फाटकापाशी ठेवलेली होती. ती ठेवायला मास्तरांनी त्या वरूडच्या मुलालाच लावलं होतं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तुह्यी सतरंजी मी बांधली बरोबर. उशी राह्यली असन, ते पाह्य.” संध्याकाळी फादरांचा निरोप आला, की क्षमापत्र लिहून आणून दिलंस तर परत घेऊ, सर्वांसमोर बोलायची गरज नाही. मी ते लिहिलं नाही. निरोप घेऊन आलेल्या शिपायाला मी विचारलं, “फादर आणखी काही म्हणाले का?” तो म्हणाला, नाही.

बडनेऱ्याच्या फलाटावर मायने माझी खरडपट्टी काढली. गाडीला वेळ होता, फलाटावर कापसाच्या गठाणींवर माणसं बसली होती, आणि ती सगळी ऐकत होती.

“तुले म्या काय सांगतलं होतं? दोन गोठी बोलाच्या होत्या. बोलला असता तर तोंड का सडलं असतं?”

“माय, ते तुले—”

“मले काय? मले काय झालं? मी का रडत आली होती तुह्याकडं? माह्यासाठी लढाले मी का बोलावलं तुले? आता रायशील कुठी? जेवशील काय? बापाले मी काय सांगू?”

“भाजीबाजारातला तो माळी म्हणतो, त्याच्या दुकानावरच्या माळ्यावर राह्य. सकाळी हार करू लागायचं.”

“हार!” तिने कपाळाला हात लावला. “कालेजात शिकून हारच ओवाचे होते, तर घरी शेवंती काय कमी होती?”

गठाणीवरचा एक म्हातारा हसला. मायने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिडी शोधू लागला. मग ती जरा निवळली. पदराने तोंड पुसलं. मला तिला एक विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, “माय, शेंदूर तर घासून टाकला. आता नवस फिटला का राह्यला?”

मला वाटलं, हीच चिंता तिला खात असेल. नवस अर्धा राहिला तर तो माझ्यावरच येणार, असं तिच्या हिशेबी असणार. पण तिने उत्तर द्यायला जराही वेळ घेतला नाही.

“माह्याकडून फिटला. त्यानं घेतला, मास्तरानं पुसला. आता थे दोघं आपसात पाहून घेतीन.”

गाडी आली. ती बायांच्या डब्यात चढली. रिकामी पाटी तिने पायाशी ठेवली आणि खिडकीतून, गाडी हलल्यावर, मोठ्याने ओरडली की इंग्रजीचा अभ्यास करत जा, आता कोणाचाच नवस बोलणार नाही.

मी दुकानावरच्या त्या माळ्यावर राहिलो, आणि अजून राहतो. सकाळी हार ओवतो, मग कॉलेजात जातो. गेल्या पौषात बोर्डिंगात चरित्र वाचायला दुसरा मुलगा उभा होता. वाक्य तेच होतं, असं वरूडच्या मित्राने सांगितलं. फादर ऐकत होते, मास्तर मान हलवत होते. माय म्हणते, सोड आता. तिला ते संतावर आणि मास्तरांवर सोपवून मोकळं होता आलं. मला येत नाही. त्या वाक्यातल्या ‘उच्च कुळात जन्मूनही’ या शब्दांनी माझ्या आज्याला, मायला आणि मला जे ठरवून टाकलं आहे, ते कोणी तरी उभं राहून खोडावं, असं मला वाटतं. त्या दिवशी मी खोडू शकलो नाही, नुसता मध्येच थांबलो. म्हणून हे लिहिलं.